दोन ब्लेडची फट

दर गुरुवारी सकाळी आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुनं मशीन सुरू होतं. दोन लोखंडी रूळ, वर पत्र्याचं नरसाळं, खाली पोतं. दुकान म्हणजे नागपुरातलं ब्रूपब, स्वतःची बिअर स्वतः बनवून तिथेच विकणारं छोटंसं हॉटेल. वर्धेची मुलगी असलं दुकान नागपुरात का टाकते, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, निदान कागदावर तरी.

काचेतून ते मशीन दिसतं, त्यामुळे हौशी गिऱ्हाइकं विचारतात, कोणत्या कंपनीचं? मी म्हणते जुनं आहे, आणि विषय बदलते. कारण पुढचा प्रश्न येतो, कोणी लावून दिलं? ज्यांनी ते निवडलं, घासूनपुसून उभं केलं, त्या श्रावण मिस्त्रींना ते आपलं म्हणायचं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. आता म्हणतील अशी आशाही उरली नाही.

श्रावण मिस्त्री वर्धा जिल्ह्यातल्या पिठाच्या गिरण्यांना टाकी लावायचे. दळून दळून गिरणीचा दगड गुळगुळीत होतो, मग पीठ गरम निघतं आणि भाकरी थापताना चिरते. अशा वेळी दगड उघडून छिन्नीने त्याला पुन्हा खाचा पाडायच्या, याला टाकी लावणं म्हणतात. आर्वी नाक्याजवळच्या आमच्या गिरणीवर ते महिन्यातून एकदा तरी यायचे. उंच, वाळलेला माणूस, भुवयांवर कायमचं पीठ. डाव्या हाताच्या पाठीवर निळेकाळे ठिपके होते, शंभरेक तरी. छिन्नीची उडालेली कणी वर्षानुवर्षं कातडीत रुतून बसलेली. नवीन गिरणीवाला विचारायचा, तुम्हाला किती वर्षांचा अनुभव? ते उत्तर न देता डावा हात पुढे करायचे.

कान तर असा की विचारू नका. एकदा नुसतेच रस्त्यावरून सायकलनं चालले होते. गिरणी सुरू होती, समोर बायकांच्या डब्यांची रांग. सायकल टाकून धावतच आत आले.

"बंद करा जी! पट्टा रडून राह्यला."

"काही नाई रडून राह्यला," बाबा म्हणाले. "सकाळपासून झकास चालू आहे."

"मंग बाया तरी मांगं घ्या."

बाबांनी कुरकुरत बायकांना मागे सरकवलं. चहा प्यायला बाहेर आले, तोच पट्टा तुटला आणि बायका उभ्या होत्या तिथल्या भिंतीचं प्लास्टर घेऊन खाली पडला. बाबांनी विजेच्या दाबाला दोष दिला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाऊ, चौथं मोडलं तुम्ही."

ही त्यांची खास भाषा होती. रविवारी सकाळी ते न चुकता विहारात जात, तिथे पंचशील म्हणत, आणि आठवडाभर माणसांच्या खोड्या त्या आकड्यांनी मोजत. जीव घेऊ नये हे पहिलं, चोरी करू नये हे दुसरं, व्यभिचार करू नये हे तिसरं, खोटं बोलू नये हे चौथं, नशा करू नये हे पाचवं. डब्यातलं मूठभर पीठ मारणारा गिरणीवाला म्हणजे 'दुसऱ्याचा माणूस'. संध्याकाळी तोंड चुकवून जाणारा दिसला की हळूच म्हणत, "पाचवं चाललं." त्यात तुच्छता नसायची. डॉक्टरने आजाराचं नाव घ्यावं तसं ते आकडा सांगायचे.

आणि त्यांचा एक नेम होता. टाकी लावून झाली की पहिली पायली दळून फेकून द्यायची, तिच्यात दगडाची कच असते. दुसऱ्या दळणाची भाकरी शेजारच्याच कोणाच्या घरी टाकायला लावायची आणि ती स्वतः खाऊन पाहायची. तोवर हात धुवायचे नाहीत. पाण्याला शिवायचं नाही, चहा नाही, बिडी नाही. पिठाने भरलेले हात अंगापासून लांब धरून ते ओट्यावर बसून राहायचे. भाकरी खाल्ली, दाताखाली काही आलं नाही, की मग हात पुढे करायचे आणि गिरणीवाल्याने तांब्याने पाणी घालायचं. हात धुतले म्हणजे ते काम त्यांचं झालं. उद्या काही बिघडलं तर मध्यरात्रीही उठवा.

समुद्रपूरकडच्या एका गावातला प्रसंग बाबा नेहमी सांगायचे. दुसऱ्या दिवशी गावात लग्न, गिरणीपुढे रांग, मालकाची घाई. मिस्त्रींनी भाकरीचा घास घेतला, चावला आणि थुंकला. पुन्हा दगड उघडायला बसले. मालक हातापाया पडला, शेवटी चिडला. रांगेतली एक बाई म्हणाली, "मिस्त्री, दोनदा भाकर खायाचा बहाणा आहे तुमचा."

"बहाणा असता तं तुह्या घरची काऊन मागतली असती, बाई? तुह्या भाकरीनं दात हालले माहे."

रांग हसली, मालकही हसला. मिस्त्री दोन तास छिन्नी चालवत राहिले. "पोटात खडा घेऊन वरात नाई निघाली पायजे," एवढंच म्हणाले.

अशा माणसाशी मी खोटं बोलले. एकदा नव्हे, तीनदा.

झालं असं. दुकानात माझा भागीदार अनिकेत. माणूस हुशार, पण घाई त्याच्या रक्तात. बिअरसाठी जव मोड आणून वाळवलेले असतात, त्याला माल्ट म्हणतात. ते दळायचं नसतं, भरडायचं असतं. आतला दाणा फुटायला हवा आणि वरचं टरफल शक्यतो अख्खं राहायला हवं, कारण पुढे गरम पाण्यात शिजवल्यावर त्या टरफलांचाच थर बसतो आणि त्यातून रस गाळून निघतो. अनिकेतने मसाले कुटतात तसलं हातोड्यांचं मशीन आणलं. त्याने टरफलासकट सगळ्याचा भुगा केला. भांड्यात लापशी झाली, खालून थेंब निघेना. दोन घाणे गटारात ओतले. उद्घाटनाला बारा दिवस होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. नवीन रुळांचं मशीन मागवलं तर अडीच महिने.

मी वर्धेला बाबांकडे आले आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "श्रावण करीन. दुसरा कोणी करत नाई. पण त्याच्यापुढं दारूचं नाव काढू नको. त्याचा लहाना भाऊ दारूनं गेला. ढोराचं खाद्य भरडाचं आहे म्हण."

मला ते लगेच पटलं. इतकं लगेच पटलं, याचीच आता लाज वाटते.

मिस्त्री आले. मी पोत्यातून ओंजळभर माल्ट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले, पुढच्या दातांनी फोडले आणि बराच वेळ चघळले.

"मोड आणून वाळवलेलं आहे," ते म्हणाले. "गोड लागते. कायच्यासाठी पायजे, बाई?"

"जनावराच्या खाद्यासाठी, काकाजी. नागपूरले डेअरी टाकून राह्यलो आम्ही."

बाबा खाली पाहत गिरणीचा पट्टा चाचपत होते. मिस्त्रींनी उरलेले दाणे परत पोत्यात टाकले, एकही खाली पडू न देता. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगणघाटला जुन्या यंत्रांच्या बाजारात गेलो. व्यापारी बोलघेवडा. त्याने आधी हातोड्यांचंच मशीन दाखवलं. मिस्त्रींनी झाकण उघडून पाहिलं आणि लावून टाकलं. "हे धान भरडत नाई, मारते." मग दगडाची लहान गिरणी दाखवली. मला वाटलं, जन्म दगडात गेला, आता भुलतील. त्यांनी मूठभर माल्ट टाकून पाहिलं, बोटांनी चोळलं. "दगड ओढते. टरफल सोलून निघते. नाई चालत."

शेवटी शेडच्या कोपऱ्यात, टायरांच्या ढिगामागे दोन रुळांचं एक मशीन निघालं. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यात चणे भरडायचं. गंजलेलं, एका रुळाचं बेअरिंग गेलेलं, पट्टा नाहीच. व्यापारीसुद्धा म्हणाला, ते भंगारात काढलं आहे. मिस्त्री उकिडवे बसले. दोन्ही रूळ हाताने फिरवत, खाचांवरून नख ओढत बसले. मग गेरू काढला. सरळ पट्टीला गेरू लावून ती रुळावर टेकवायची, गेरू जिथे उमटेल तिथे उंचवटा, ही त्यांची दगड तपासायची पद्धत. लोखंडावर तीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ एकसारखी उमटली.

"हेच," ते म्हणाले. "रूळ सच्चे आहेत. बाकी आपण पाहू."

मी आनंदाने त्यांचा हातच धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

आठ दिवस आमच्या गिरणीच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी त्या मशीनला माणसात आणलं. बेअरिंग, पट्टा, मोटर, सगळं. मी रोज नागपूरहून फोन करायचे, बाबा म्हणायचे, बसला आहे श्रावण, बोलत नाई काही. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी शेवटची चाचणी होती. त्या सकाळी मिस्त्रींना घ्यायला मी स्कूटरवर त्यांच्या घरी गेले. ते विहारात गेले होते. घरी सुमनबाई होत्या, त्यांच्या त्या गेलेल्या भावाची बायको; थोरल्या दिराला, म्हणजे मिस्त्रींना, त्या भासरेजी म्हणत. सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ढोराच्या खाद्याचं मशीन तुहंच का, बाई?"

"हो."

"मले जरा भेवच वाटलं आयकून. ढोराचं खाद्य म्हटलं का मले भेव वाटते."

का, म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं असं वाटायला फार वेळ लागला नाही.

"आमचे हे जित्ते होते तवाची गोष्ट," सुमनबाई तुरीतून हात न काढता सांगू लागल्या. "एक माणूस आलता भासरेजीकडं. म्हणे मशीन बिघडली, ढोराचं खाद्य भरडाचं आहे. भासरेजी गेलते. बांधून देली मशीन. पाऊस येऊन राह्यला होता, घाई होती, काय भरडते ते पाह्यलंच नाई. हात धुतले अन् घरी आले. तिथं मोहफुलं भरडून राह्यले होते, हातभट्टीसाठी. अन् त्याच्यात अजून काय टाकत होते कोणाले मालूम. महिन्याभरात आमचे हे तिथलीच पिऊन गेले. गावातले अजून दोघं गेले." त्यांनी एक खडा शोधून अंगणात फेकला. "तवापासून खाल्ल्याबिगर हात धुत नाईत भासरेजी."

जगात इतकी खोटी कारणं पडली असताना आम्ही बापलेकीने नेमकं तेच उचललं होतं.

तेवढ्यात मिस्त्री आले, पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात. छिन्न्यांची थैली खांद्याला अडकवून स्कूटरवर मागे बसले. घर ते गिरणी, वीस मिनिटं. मी मनात वाक्य जुळवत होते. काकाजी, एक सांगायचं राहिलं. काकाजी, माफ करा. नागपूरचं दुकान परवान्याचं आहे, ती हातभट्टी नाही, तिथे कोणी मरत नाही. प्रत्येक सिग्नलला वाटायचं, आता बोलू. आणि प्रत्येक सिग्नलला दुसरं मन म्हणायचं, चाचणी होऊ दे, रुळांची फट अजून लागायची आहे, हा माणूस आत्ता उतरून चालता झाला तर मेलीस तू.

मागून त्यांचाच आवाज आला. "डेअरीत गाई किती आहेत, बाई?"

"बारा," मी म्हणाले.

आकडा इतका पटकन आला की माझा मलाच दचका बसला. पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला आठवत नाही.

शेडमध्ये बाबा वाट पाहत होते. मिस्त्रींनी आल्याआल्या माल्टचं पोतं उघडलं आणि त्यावर पाण्याचा अगदी हलका हात मारला, डाळ मिलमध्ये डाळीला मारतात तसा. "टरफल नरम पडते, मंग फाटत नाई," एवढं सांगून अर्धा तास थांबले. मग करवतीचं ब्लेड रुळांच्या मध्ये धरून फट लावली. एका ब्लेडच्या फटीत टरफल फाटलं. तीन ब्लेडच्या फटीत दाणे अख्खेच खाली पडले. मी प्रत्येक वेळी चाळणीत बघून म्हणायचे, नाही काकाजी, टरफल अख्खं हवं. नाही काकाजी, दाणा फुटायला हवा.

तिसऱ्यांदा फट लावण्याआधी ते थांबले. पाना खाली ठेवला.

"गाईले इतकी निवड काऊन, बाई? गाय टरफल बी खाते, पीठ बी खाते. अख्खं टरफल कायले पायजे तिले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री वाट पाहत होते. मला अजूनही त्यांचे डोळे आठवतात. त्यात राग अजिबात नव्हता, उलट एक प्रकारची विनवणी होती. ते मला दार उघडून देत होते आणि ते मला कळत होतं.

"जनावराच्या डॉक्टरनं सांगतलं," मी म्हणाले.

"असं," ते म्हणाले, आणि पाना उचलला.

दोन ब्लेड एकावर एक धरून त्यांनी फट लावली. एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा पहिल्या. मोटर सुरू केली. रूळ फिरू लागले आणि खाली जी पडली ती मी आजवर पाहिलेली सगळ्यात सुंदर भरड होती. टरफलं होडीसारखी उघडलेली, जवळजवळ अख्खी. आतला दाणा चार-पाच तुकड्यांत. पीठ अगदी थोडं. मी चाळणी हातात घेऊन वेड्यासारखी हसत होते. काम झालं होतं, दुकान वाचलं होतं.

मिस्त्रींनी नेमाप्रमाणे पहिली पायली बाजूला टाकली. दुसऱ्या खेपेतली मूठभर भरड तळहातावर घेतली. बाबा तांब्या घेऊन पुढे झाले. मिस्त्रींनी मूठ तोंडापर्यंत नेली. वास घेतला. थांबले. मग हात खाली आणून ती भरड, एकही दाणा खाली न पाडता, पोत्यात परत सोडली.

"माल चांगला निघाला," ते म्हणाले. "फट हालवजो नको. दोन ब्लेड."

"काकाजी, खाऊन पाहा ना," मी म्हणाले.

त्यांनी थैली आवरायला घेतली. छिन्न्या, गेरू, पट्टी, एकेक वस्तू पुसून आत ठेवली. माझ्याकडे न बघता बोलले.

"पह्यल्या दिवशी दाणा चघळला तवाच समजलं मले. ढोराले कोणी मोड आणून वाळवून खाऊ घालत नाई. पाचव्याचं काम आहे, समजलं. तरी म्हटलं करू. पोरगी आपली आहे, परवान्याचं आहे असं आयकलं, हातभट्टी तं नाई. खरं सांगीन, मंग खाऊ बी." ते जरा थांबले. "पाचवं तुह्या धंद्याचं आहे, बाई. चौथं काऊन मोडलं?"

भीती वाटली, एवढं म्हणता आलं असतं, तेही सुचलं नाही.

"श्रावण," बाबा म्हणाले, "चूक माही आहे. म्याच सांगतलं तिले." ते तांब्या तसाच पुढे धरून उभे होते. "हात तरी धू."

"राहू द्या, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "मशीन तिची आहे. माही नाई."

ते शेडबाहेर पडले. त्यांना सोडायला मी स्कूटरची किल्ली काढली, पण त्यांनी मान हलवली. आदल्या संध्याकाळपासून भिंतीला टेकवून ठेवलेली आपली सायकल त्यांनी घेतली आणि थैली कॅरिअरला अडकवली. मी फाटकापर्यंत मागे गेले. म्हणायचं होतं, काकाजी, थांबा. पुढे सहा महिने रोज ठरवत राहिले की या रविवारी वर्धेला जाऊन सगळं बोलू, आणि दर रविवारी दुकानात गर्दी असायची. मग बाबांचा फोन आला.

म्हणून माझ्याकडे उरले आहेत ते तेवढेच. आर्वी नाक्याच्या दुपारच्या उन्हात सायकलवर पाठमोरे श्रावण मिस्त्री, अंगात विहारातला पांढरा सदरा. नाक्यावर नळ होता, नळाला पाणी होतं, दोन बायका भांडी भरत होत्या. ते नळापाशी थांबले. मला वाटलं, धुतील. बायकांनी घागर बाजूला केली, जागा करून दिली. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, बायकांना नको म्हणून मान हलवली आणि भरडीने माखलेले ते दोन्ही हात तसेच हँडलवर ठेवून निघून गेले.